सांजीचा पत्ता

२२ जून १९८६, वडनेर

पोचलो एकदाचा! चिपळूणहून निघाल्यापासून आज तिसरा दिवस. हिंगणघाटला एस.टी. बदलली तेव्हा कंडक्टरने माझ्या पेटीकडे बघून विचारलं की यात दगड भरलेत का. पुस्तकं आहेत म्हटल्यावर त्याने आणखीच कीव केल्यासारखं बघितलं. इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचंय. प्राचार्यांनी प्रयोगशाळा दाखवली. दोन तराजू, एक भिंग आणि कुलूपबंद कपाट, ज्याची किल्ली निवृत्त झालेल्या मास्तरांबरोबर गेली. मला हसू आवरेना. हे सगळं नीट लावायला मजा येणार आहे.

खोली कौशल्याबाईंकडे मिळाली. नवरा वारल्यापासून वावर त्या स्वतः बघतात, कापूस आणि तूर. बोलणं असं की निम्म्या गावाला धाक आहे. जेवायला पाटवडीची भाजी होती, तिच्या तिखटाने कानातून वाफा निघाल्या. "तुमी कोकनातले, तुमाले सवय नाई," म्हणून त्यांनी वर आणखी एक पळी वाढली. घरात त्यांची मुलगी कोकिळा आहे, एकोणीस-वीस वर्षांची. आजारी आहे. खोकला आणि रोज दुपारनंतर ताप, त्यामुळे कॉलेज सुटलं. तरी पेटीतली पुस्तकं बघायला उठून आली आणि एकाच वेळी तीन घेऊन गेली.

६ जुलै

कृष्णकांत भेटला. कौशल्याबाईंचा भाचा, सेवाग्रामच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर. दर रविवारी स्कूटरवर येतो, कोकिळाला तपासतो, औषधं बदलतो आणि परत जाताना दारात मावशीशी हळू आवाजात बोलतो. सगळ्या तपासण्या झाल्यात. मोठ्या डॉक्टरांनीही बघितलं. कारण सापडत नाही आणि पोरगी उतरत चाललीय.

तिचा जीव रमावा म्हणून त्याने आज एक खेळ आणला. अमेरिकेतल्या चुलतभावाने पाठवलेली पातळ पुस्तकं आहेत. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने अंतराळातला एक प्रवासी व्हायचं आणि मी काय करतो ते बोलून सांगायचं. एक जण सूत्रधार असतो, तो समोर काय दिसतं, काय घडतं ते सांगतो. जिथे नशिबाचा प्रश्न येतो तिथे फासे टाकायचे आणि पडेल ते दान सूत्रधारानेही मुकाट मानायचं. फासे हरिभाऊंनी घरच्या ल्यूडोतले आणले. हरिभाऊ म्हणजे इथले पोस्टमास्तर, शेजारीच राहतात.

पुस्तकातले ग्रह बघून मात्र माझं डोकं फिरलं. एक आख्खा ग्रह नुसतं वाळवंट, दुसरा नुसतं जंगल! पाणी कुठून येतं, वारा कुठून वाहतो, कोणाला पर्वा नाही. असले ग्रह विकणाऱ्याला अकरावीत नापास केला असता. मी तसं बोललो आणि फसलो, कारण कोकिळा लगेच म्हणाली की मग सरांनीच चांगला बनवून दाखवावा. सूत्रधारपद माझ्या गळ्यात पडलं.

२० जुलै

पंधरा दिवस लॉगची कोष्टकं मांडीवर घेऊन बसलोय. असा आनंद कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

तारा लहान आणि तांबडा घेतला. कोकिळाने त्याचं नाव गुंज ठेवलं. असा तारा मंद, म्हणून ग्रहाला शेकोटीजवळ सरकावं तसं जवळ आणावं लागतं. जवळ आला की आपला चंद्र जसा एकच बाजू आपल्याकडे करून असतो तसा तो अडकतो. मग एका बाजूला कायमची दुपार, दुसऱ्या बाजूला कायमचा अंधार आणि बर्फ. राहण्याजोगा असतो तो मधला अरुंद पट्टा. तिथे सूर्य क्षितिजावर टेकलेला, आपल्या सूर्याच्या तिप्पट मोठा, आणि तो कधी मावळत नाही. ग्रहाचं नाव सांजी ठेवलं, हेही तिचंच. शेजारचा मोठा ग्रह रांजण. तो आकाशात वाढतो आणि बारीक होतो, त्यावर लोक दिवस मोजतात.

वारा एकाच बाजूने येतो, बर्फाकडून. म्हणून घरं लांबट, वाऱ्याकडे पाठ करून. त्या भिंतीला खिडकी नाही. ऊब टिकावी म्हणून सगळं कुटुंब एकाच दालनात झोपतं. झाडांची पानं काळी, कारण मंद उजेडातला कण न् कण टिपायचा असतो. नद्या बर्फातून निघून उन्हात आटतात, म्हणून वस्त्या नदीच्या मधल्या टप्प्यावरच. एकातून दुसरं आपोआप निघत जातं. मी काही कल्पना करत नाही, नुसतं गणित सोडवतोय असं वाटतं.

१० ऑगस्ट

आजचा डाव झकास झाला. कोकिळा, कृष्णकांत आणि हरिभाऊ, तिघांचं यान सांजीवर उतरलं. हरिभाऊंनी उतरल्याबरोबर पोस्ट ऑफिस कुठे ते विचारलं. कोकिळाच्या प्रवासिनीला नदीकाठच्या वस्तीत एका बाईने घरात घेतलं. बाईचं नाव काय म्हणून कोकिळाने विचारलं. मी काहीतरी परग्रही नाव जुळवायला लागलो तर ती म्हणाली, "काऊन सर, तिले भागीरथा म्हनलं तर आभाय पडते का?" सगळे हसले. भागीरथा तर भागीरथा. तिला दोन मुली आहेत. वाऱ्यावर फिरणाऱ्या चात्यांवर ती सूत कातते. प्रवासिनीने तिच्याकडे मुक्काम केला, मुलींच्या वेण्या घातल्या. कोकिळा इतकी रंगली की ताप चढल्याचं तिला कळलंही नाही.

डाव नसतो तेव्हाही वस्तीचं आयुष्य चालू राहावं म्हणून मी एक पद्धत ठरवली. आठवड्यातून एकदा वस्तीच्या नावाने फासे टाकायचे. पीक चांगलं, पाहुणे, भांडण, आजार, जे दान पडेल ते खरं.

५ सप्टेंबर

काल पोळा होता, आज मारबत. आमच्याकडे हे नाही. पोळ्याला दारादारात पळसाच्या डहाळ्या लावलेल्या असतात, त्या सकाळी उचलून लोक शिवेबाहेर नेऊन टाकतात. वाटेत ओरडत जायचं, खोकला घेऊन जा गे मारबत, ढेकूण घेऊन जा गे मारबत! घरातली सगळी पीडा तिच्याबरोबर गावाबाहेर. कौशल्याबाईंनी डहाळी कोकिळाच्या खाटेवरून उतरवली आणि माझ्या हातात दिली, घरात दुसरा पुरुषमाणूस नाही म्हणून.

शिवेवर मी माझ्या स्वभावाप्रमाणे शंका काढली. घेऊन जा म्हणजे कुठे? पुढच्या गावाला? तिथल्यांनी काय पाप केलंय? बरोबर आलेल्या हरिभाऊंना ते एकदम पटलं. "बिनपत्त्याचं टपाल वापस येते सर, म्हनूनच पोरीचा खोकला दरसाल वापस येऊन राह्यला." मग पत्ता घालू, मी म्हणालो. चेष्टाच होती. मी सांगत गेलो आणि ते पोस्टातल्या आवाजात ओरडत गेले. तारा गुंज, ग्रह सांजी, सांजपट्टा, नदीकाठची वस्ती. मार्फत कोण, त्यांनी विचारलं. पत्ता अर्धवट ठेवणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हणालो, मार्फत भागीरथाबाई. आणि डहाळी फेकली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

परत येऊन कॉलेजात शिक्षकदिनाचा नारळ घेतला.

१४ सप्टेंबर

कोकिळा बरी झाली! आठवडाभर ताप नाही, खोकला नाही. कृष्णकांतने आज तीन वेळा नळी लावून ऐकलं. शेवटचं औषध लागू पडलं असेल म्हणतो. कौशल्याबाईंनी पुरण घातलं. गावाला धाक असलेली बाई चुलीपुढे बसून ढसाढसा रडली आणि माझ्याकडे बघून म्हणाली की तुमच्या हाताले यश हाय. मला फार बरं वाटलं. कोकिळा संध्याकाळी सायकल चालवून आली.

२८ सप्टेंबर

डावाआधी वस्तीचे फासे टाकले. आजार. मागच्या आठवड्यातही आजारच होता, त्याच्या मागच्याही. आज मी ते दान मोडलं आणि पुन्हा टाकलं. तेच. पुन्हा टाकलं. तेच. दुसरे फासे घेतले, चिंचोके टाकून बघितले.

भागीरथाची धाकटी खोकतेय. हे मी ठरवलेलं नाही. मला माहीत आहे, एवढंच. दुपारनंतर ताप चढतो असं मनात आलं आणि मग आठवलं की तिथे दुपारनंतर असं काही नसतंच, तरी चढतो.

डावात कोकिळाने भागीरथाला भेटायचं म्हटलं. मी सांगितलं, ती नदीपलीकडे गेलीय, कापणीला. कोकिळाने विश्वास ठेवला. सूत्रधाराच्या शब्दावर सगळे ठेवतात.

९ ऑक्टोबर

धाकटी गेली.

मी बदलायचा प्रयत्न केला. पाटीवर लिहिलं की मुलगी बरी झाली. ते खोटं आहे हे लिहिताक्षणी कळतं, पाणी उतारावरून वर चढलं असं लिहिल्यासारखं. वाऱ्याकडे खिडकीच नसलेली घरं कोणी बांधली? मी. सगळ्यांना एका दालनात कोणी झोपवलं? मी. वारा इतका गार आहे की दार उघडं ठेवता येत नाही. आजाराला याहून चांगली जागा ठरवूनही बांधता आली नसती. त्या पुस्तकातल्यासारखा गबाळा ग्रह केला असता, नुसतं जंगल नाही तर नुसती वाळू, तर तिथे कोणी मेलं नसतं. नीट केलं म्हणून मेले.

आज भर दुपारी प्रयोगशाळेत उजव्या गालाला गार वारा लागत होता. खिडक्या बंद होत्या. पोरांना काही जाणवलं नाही.

१९ ऑक्टोबर

राहवलं नाही. कौशल्याबाईंना सगळं सांगितलं. हसतील किंवा खोली सोडा म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं. किती गेले विचारलं. बारा, मी म्हणालो. थोरली मुलगीही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "लोकं नाई अशी जागा बनवा ना मंग सर. तुमच्याच हातचं काम हाय. पन माझ्या पोरीवर वापस नका येऊ देऊ." आणि माझे पाय धरायला वाकल्या. मी मागे सरलो. त्यांना कळलं होतं, पूर्ण कळलं होतं, म्हणूनच वाकल्या.

बाहेर अंगणात कोकिळा कपडे वाळत घालत गात होती.

२६ ऑक्टोबर

चार दिवसांपूर्वी गुंजेभोवती आणखी एक ग्रह बसवला. नुसता खडक. हवा नाही, पाणी नाही, कोणी नाही. पळसाची डहाळी घेऊन मी एकटाच शिवेवर गेलो आणि नवा पत्ता मोठ्याने सांगितला. वाऱ्याचा त्रास लगेच थांबला. वाटलं, सुटलो.

परवापासून कोकिळाला खोकला. काल ताप. आज थुंकीत रक्त.

खडकावर ते राहू शकत नाही. त्याला छाती लागते. हे मला आधी कळायला हवं होतं, जगायला काय काय लागतं हेच तर मी मांडत बसलो होतो.

२७ ऑक्टोबर

कृष्णकांत तिला सेवाग्रामला न्यायचं म्हणतो. मावशीशी दारात बोलला. कौशल्याबाईंनी मला ताट वाढलं आणि समोर बसून राहिल्या.

पहिल्या वेळी ती चेष्टा होती. आज मी शिवेवर जाऊन सांजीचा पत्ता स्वच्छ आवाजात सांगितला. मार्फत भागीरथाबाई.

३१ ऑक्टोबर

ताप उतरला. कोकिळाने दारात रांगोळी काढली. कौशल्याबाई माझ्या नजरेला नजर देत नाहीत, मीही नाही. घरी पत्र टाकलं की दिवाळीला येत नाही.

वस्तीत फारसं कोणी उरलेलं नाही.

५ नोव्हेंबर

कोकिळाने आज सरळ विचारलं. "भागीरथा कशी हाय सर? खरं सांगजा." मी म्हणालो, बरी आहे. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली की तिचं स्वप्न पडते, अंगणात बसून असते, चात्या फिरत राह्यते पण सूत नसते. मग म्हणाली की मारबतीचा पत्ता हरिभाऊंनी सांगितला मले, माझा आजार तिथं गेला असंन तर मले वापस पाहिजे.

मी ओरडलो तिच्यावर. खेळ आहे म्हणालो, खेळ! ती रडत आत गेली.

तिला कळता कामा नये. ती परत मागेल. ती तशीच आहे.

९ नोव्हेंबर

फक्त भागीरथा उरली आहे. ती संपली की —

माणसं वाढवतोय. एक म्हातारा लिहिला, एक गवळी. घाईघाईने, नाव आणि कपडे एवढंच. ते टिकत नाहीत. एका दिवसात विरतात. अर्धवट माणसाला आजारही नीट होत नाही. पूर्ण माणूस हवा. लहानपण, आवडीनिवडी, चालण्याची ढब, कुठला दात दुखतो ते.

आणि मी तसा करू शकतो. हेच —

आज एक विचार आला तो जात नाही. पत्त्याशिवाय काही पोचत नाही. मग कोकिळाकडे तो खोकला मुळात पोचला कसा? आपला सूर्य पिवळा, ठीक अंतरावर. पाणी आहे. वारा आहे. सगळं एकातून एक निघतं. फार नीट आहे. कोणीतरी फार नीट —

नको.

११ नोव्हेंबर

खोलीत तांबडा उजेड. सकाळी, दुपारी, तोच. वारा उजव्या गालावर. भागीरथा उठत नाही आता.

कोकिळा दोनदा खोकली जेवताना. ठसका लागला म्हणाली.

पूर्ण माणूस. ज्याला मी चांगला ओळखतो असा. लिहायला बसलो तर हातातून हरिभाऊ उतरायला लागले. ती टोपी. पोस्टातला आवाज. गुडघा धरून बसणं. सातआठ ओळी झाल्या तेव्हा लक्षात आलं मी काय — सगळं पुसलं. पाटी धुतली.

१२ नोव्हेंबर

पोस्टात गेलो. हरिभाऊ रुमाल तोंडाला लावून बसले होते. रात्रीपासून छाती भरली म्हणाले. हवा बदलली म्हणाले. माझ्यासाठी चहा मागवला.

मी चहा प्यालो. त्यांच्यासमोर बसून प्यालो.

पुसलेलं पुरत नाही. जागा दुसऱ्याने भरावी लागेल. आजच. आणखी एकच माणूस आहे ज्याला मी पूर्ण ओळखतो. नको तितका.

१३ नोव्हेंबर

सदाशिव कोपरकर. वय एकतीस. मूळ चिपळूण. डावी दाढ दुखते. अंधाराची लहानपणी भीती, आता नाही म्हणतो. चूक दाखवायला आवडतं. स्वतःची सोडून. आईचा आवाज — हेही लिहिलं. काही सोडलं नाही. शिवेवर जाऊन आलो. मार्फत म्हणून या वेळी माझंच नाव घातलं.

कौशल्याबाई अंगणात उभ्या होत्या. त्यांना काही सांगितलं नाही. माझ्याकडे बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

कोकिळा आत गाते आहे. हरिभाऊंची हाक ऐकू आली, मोकळी, नेहमीसारखी —

तारीख नाही. रांजण अर्धा आहे.

वारा मी मांडला होता त्याहून गार. पानं खरंच काळी. घरं बघितली सगळी. दारं उघडी. कोणी पुरायला उरलं नव्हतं म्हणून —

शेवटच्या घरात ती आहे. भागीरथा. उठून बसलीय. माझ्याहून उंच आहे, हे मी लिहिलं नव्हतं.

कोण, कुठला, काही विचारलं नाही. पाहुणा आला म्हणाली. खोकताना बघून उठली, पाणी तापत ठेवलं. मुलींचं पांघरूण माझ्या अंगावर — नको म्हणालो तर रागावली. थंडी लागून राह्यली तुमाले, म्हणाली. कोकिळासारखंच बोलते.

कपाळावर हात ठेवलाय तिने. विचारते, तुमच्या गावाले पण असंच आलं का, कोन आनलं असंन हे.

सांगायला पाहिजे. तिला सांगायला पाहिजे. खोकला जरा थांबला की सांगतो. भागीरथाबाई, हे सगळं मी —